धरणकाठची रानभाजी: नाशिकमध्ये पहिल्यांदाच खुडायला निघालेल्यांसाठी

लग्न होऊन सोलापूरहून नाशिकला आले तेव्हा मला घोळ आणि पाथरी या दोनच रानभाज्या ओळखता येत होत्या. आमच्याकडे पाणीच कमी, त्यामुळे पाण्याकाठची भाजी हा प्रकार ठाऊक नव्हता. इथे जिकडे बघावं तिकडे धरण आणि धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे पसरलेलं पाणी. पहिल्याच पावसाळ्यात मी हौसेने पिशवीभर 'नाळी', म्हणजे पाण्यात वाढणारी एक पालेभाजी, खुडून आणली. गंगापूर रोडला टोपली घेऊन बसणाऱ्या एका मावशींकडून मी भाजी घ्यायचे, त्यांना ती कौतुकाने दाखवली. त्यांनी पिशवी गोणपाटावर उपडी केली, एकेक शेंडा उचलून दोन ढीग केले आणि लहान ढीग माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "ही नाळी. ते बाकी बेशरम हाय. शेळीनं खाल्लं तर ती झिंगते, तू काय करशील?"

मोठा ढीग बेशरमचा होता.

त्यानंतरच्या चौदा पावसाळ्यांत चुकत चुकत जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे. झाडं ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. काठावर खरोखर खाण्याजोग्या आणि नवख्याला जमतील अशा भाज्या दहा-बाराच निघतात. चूक होते ती काठ निवडण्यात. रानभाज्यांची चित्रं सगळीकडे मिळतात, पण ती कुठल्या पाण्यावर वाढली हे चित्रात दिसत नाही. म्हणून दुसरी पायरी लांबलचक झाली आहे. ती गाळून पुढे जाऊ नका.

१. आधी काठावर नको, बाजारात जा

पहिला महिनाभर फक्त विकत घ्या. गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार, त्र्यंबक, हरसूल, पेठ, घोटीकडचे आठवडे बाजार आणि पावसाळ्यात शहराच्या रस्त्यांच्या कडेला टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका, एवढं पुरेसं आहे. ऑगस्टमध्ये कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे एकाच छताखाली बऱ्याच भाज्या बघायला मिळतात. बहुतेक ठिकाणी शिजवलेल्या भाजीची चवही देतात, तेव्हा रिकाम्या पोटी जा.

विकत घेताना "ही कशी करायची?" हे सगळेच विचारतात. तुम्ही त्याच्या जोडीला "हिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणती असते?" हेही विचारा. खुडणाऱ्या बाईला हे हमखास ठाऊक असतं, पण विचारल्याशिवाय ती सांगत नाही, कारण तिच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं काही नसतंच. आणि दहा रुपयांच्या जुडीसाठी घासाघीस करू नका. पहाटे उठून दोन डोंगर फिरून आलेली भाजी आहे, शिवाय तुम्ही तिच्याकडून शिकवणी घेताय.

घरी आणलेल्या जुडीतली एक काडी बाजूला काढा, वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि खाली नाव, महिना, गाव लिहा. नाव त्या बाईच्या तोंडचंच लिहा. नावांचा घोळ मोठा आहे: 'ब्राह्मी' म्हणून एक जण गोल पानांची मंडूकपर्णी देतो, दुसरा बारीक जाड पानांची जलब्राह्मी देतो, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात. मोबाईलवरची झाड ओळखणारी अ‍ॅप्स नाव सुचवायला ठीक आहेत. खायचं की नाही हे त्यांच्या भरवशावर ठरवू नका. माझ्या फोनने एकदा कोवळ्या धोतऱ्याला वांगं ठरवलं होतं.

२. काठ निवडा

नियम साधा आहे: शहराच्या वर जा, खाली नको. गोदावरी त्र्यंबककडून येते, शहरातून जाते आणि पुढे निफाडकडे वाहते. शहर ओलांडल्यावर तिच्यात सांडपाणी मिसळलेलं असतं. नाळीसारख्या पाण्यात वाढणाऱ्या भाज्या पाण्यातलं बरंवाईट सगळं देठापानांत साठवतात, जड धातूसुद्धा. ते धुऊन जात नाहीत आणि शिजवूनही जात नाहीत.

हे मी वाचून शिकले नाही. दुसऱ्या वर्षी शहराजवळच एका नाल्याच्या तोंडाशी मला हिरवीगार, बोटभर जाड देठांची नाळी सापडली. इतकी माजलेली नाळी मी नंतर कधी पाहिली नाही. घरी आणून तीन पाण्यांतून धुतली, पातेल्यात टाकली, झाकण ठेवलं. वाफ धरली तसा स्वयंपाकघरात कपडे धुण्याच्या साबणाचा वास पसरला. पातेलं तसंच नेऊन ओतून दिलं. वनस्पती शंभर टक्के बरोबर होती, पाणी चुकीचं होतं. नाळी माजली होती तीच मुळी त्या पाण्यामुळे.

काठावर पोचल्यावर मी काय बघते ते सांगते.

पहिल्यांदा पाणवेली. जांभळ्या फुलांचे हे तरंगते गालिचे दिसले की पाण्यात सांडपाण्याचं खत भरपूर आहे असं धरा आणि परत फिरा. मग वरच्या अंगाला कोण आहे ते बघा: वस्ती, हॉटेल, कारखाना, कोंबड्यांची शेड. तिसरी गोष्ट नाशिकची खास, द्राक्षबाग. गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरीकडे कित्येक बागा पाण्याला अगदी लागून आहेत. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठी केलेल्या छाटणीनंतर, बागेत फवारणीचा सपाटा सुरू होतो, पावसाळी हवेत तर आणखी. बांधावरच्या घोळीवर निळसर पांढुरके डाग दिसले तर ते मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण असू शकतं. डाग दिसत नाहीत म्हणून फवारणी झाली नाही असंही नाही. बागेपासून निदान शंभर-दीडशे पावलं लांब राहा, आणि वारा बागेकडून येत असेल तर त्याहून लांब. बागेत माणूस दिसला तर सरळ विचारा, "दादा, फवारणी कधी झाली?" लोक खरं सांगतात.

चौथी गोष्ट गाळपेर. दिवाळीनंतर धरणाचं पाणी उतरतं तशी उघडी पडलेली गाळाची जमीन शेतकरी कसतात. पाटबंधारे खातं ती हंगामापुरती भाड्याने देतं. दिसायला ती मोकळी, कुंपण नसलेली जमीन असते आणि तिच्यात चाकवत मस्त उगवतो. पण तो कुणाच्या तरी हरभऱ्यात उगवलेला असतो. विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. विचारलंत तर बहुतेक वेळा "घेऊन जा, तेवढीच निंदणी झाली" असं उत्तर मिळतं.

आता जागा. कश्यपी आणि गौतमी गोदावरी ही गंगापूरच्या वरची धरणं, दिंडोरीकडचं वाघाड, इगतपुरीकडची भावली आणि मुकणे यांच्या फुगवट्याच्या टोकाशी, जिथे ओढे येऊन मिळतात तिथे, काठ चांगला असतो. धरणाच्या भिंतीजवळ, सांडव्याजवळ आणि मनाई असलेल्या हद्दीत जायचं नाही. गंगापूर धरण शहराला पाणी पुरवतं, तिथे तर मुळीच नको.

नांदूरमध्यमेश्वरबद्दल नवखे लोक हमखास विचारतात, कारण तिथे पाणथळ जागा अफाट आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे अभयारण्य आहे, २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. अभयारण्यातून काडीही उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. शिवाय ते शहराच्या खालच्या अंगाला आहे, म्हणजे पाण्याचा मुद्दाही आलाच. तिथे पक्षी बघायला जा, दुर्बीण न्या, पिशवी घरी ठेवा.

३. सामान आणि कागद

घरच्यापुरती मूठ-दोन मूठ भाजी गावच्या काठावरून खुडायला कसलाही दाखला लागत नाही, पण जमीन कुणाची हे कळायला हवं. राखीव वनाची हद्द असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका. त्या जंगलातल्या गौण वनोपजावर (लाकूड सोडून पाला, फळं वगैरे) तिथल्या आदिवासींचा २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेला हक्क आहे, आपला नाही. ओळखपत्र खिशात असू द्या. धरणाच्या परिसरात कुणी हटकलं तर बोलणं लवकर संपतं.

बरोबर हे घ्या:

– तीन-चार लहान कापडी पिशव्या. एका पिशवीत एकच भाजी. हा नियम मोडायचा नाही, पुढे कळेल का.
– कात्री किंवा लहान विळा. उपटायचं नसतं, म्हणून खुरपं नको.
– गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि खांद्याएवढी काठी.
– पिण्याचं पाणी, जुनं वर्तमानपत्र, पेन्सिल.
– पूर्ण बाह्यांचा सदरा. काठावर गाजरगवत असतंच आणि पुष्कळांच्या अंगावर त्याने पुरळ उठतं.

काठी चैनीची नाही. काठाच्या गवतात घोणस असते, नागही असतो. आधी काठी आपटायची, मग पाय. पाणी उतरलेल्या काठावर काठीचा दुसरा उपयोग: वरून भेगाळलेला, वाळलेला दिसणारा गाळ खाली लोण्यासारखा मऊ असतो. काठी टोचून बघा, वीतभर सहज आत गेली तर तिथे पाय ठेवू नका. माझा एक बूट भावलीच्या फुगवट्यात आहे, अजून तिथेच असणार.

आणि एकट्याने जाऊ नका. पावसाळ्यात धरणाच्या खालच्या पात्रात तर अजिबात उतरू नका. विसर्ग सुरू होतो तेव्हा भोंगा वाजतो खरा, पण वारा उलटा असेल तर तो ऐकू येईलच असं नाही.

४. कधी जायचं

जूनच्या मध्यावर पाऊस लागला की साधारण दोन आठवड्यांनी. तेव्हापासून श्रावण संपेपर्यंत मुख्य हंगाम. भाद्रपदात बहुतेक भाज्या फुलावर येऊन जून होतात. पौष-माघात गाळपेरावर चाकवत. उन्हाळ्यात ओलाव्याच्या कडेला नाळी आणि घोळ, मेअखेरीस जांभळं. सकाळी दहाच्या आत खुडून घ्या, ऊन चढलं की पाला पिशवीतच कोमेजतो.

५. पहिल्या वर्षी एवढ्याच

नाळी. पाण्यात तरंगते किंवा चिखलावर पसरते. देठ पोकळ, प्रत्येक पेरातून मुळ्या फुटलेल्या, पान बाणाच्या टोकासारखं लांबट, फूल नरसाळ्यासारखं पांढरट ते फिकट जांभळं. बेशरमचं फूलही नरसाळ्यासारखं आणि जांभळटच असतं, दोन्ही एकाच कुळातली. नाळी म्हणजे शास्त्रीय नावाने आयपोमिया अक्वाटिका, बेशरम म्हणजे आयपोमिया कार्निया. दोन्ही एकाच काठावर एकमेकींत गुंतून वाढतात, गोम तिथेच आहे. नाळीचा देठ पोकळ असतो म्हणून पोकळी बघून ठरवायला जाल तर फसाल, कारण बेशरमचा देठही कधीकधी पोकळ निघतो. देठातून येणाऱ्या चिकावरूनही ठरवू नका, चीक दोन्हींना येतो.

मावशींनी शिकवलेली रीत अशी. शेंडा हातात धरा, पण खुडू नका. त्या देठावरून हात मागे मागे नेत बुडख्यापर्यंत जा. नाळीचा देठ मऊच राहतो आणि चिखलात किंवा पाण्यात नाहीसा होतो. बेशरमचा देठ मागे जाता जाता जाड, करडा, लाकडी होतो आणि शेवटी पुरुषभर उंच झुडपाला जाऊन मिळतो. माझी चूक नेमकी हीच झाली होती: झुडपाच्या पाण्यात लोळणाऱ्या कोवळ्या फांद्या मी वरच्यावर खुडल्या, झुडपाकडे बघितलंच नाही. बुडखा सापडत नसेल तर तो शेंडा सोडा.

खुडायचं ते टोकाचं वीतभर, कट्कन मोडेल तेवढंच. पिशवीभर आणलीत तरी कढईत वाटीभर होते, पाहुणे बोलावू नका. लसूण आणि सुकी मिरची तेलात तडतडवा, वरून नाळी, मीठ, झाकण न घालता पाच-सात मिनिटं, देठ पूर्ण मऊ होईपर्यंत. आवडत असेल तर मूठभर भिजवलेली मूगडाळ.

घोळ. जमिनीसरशी पसरते, देठ लालसर आणि मांसल, पानं जाडजूड गुळगुळीत, फूल लहान पिवळं, चव आंबटसर. हिच्याबरोबर दुधी नावाचं तण उगवतं, तेही जमिनीला चिकटून. मोडून बघा. पांढरा चीक आला तर टाका. पण हा नियम घोळीपुरताच ठेवा. पाथरीचं पान मोडलं तर दूध येतं आणि पाथरी भाकरीबरोबर कच्ची खातात. 'चीक म्हणजे विष' असं सरसकट पाठ केलं की चांगली भाजीही हातची जाते.

आंबुशी. तीन बदामी पानं, पिवळं फूल, चिंचेसारखी आंबट. वरणात मूठभर टाका, चिंच लागत नाही. पाण्यातच चार पानांची तशीच दिसणारी एक वनस्पती असते, ती नेच्याच्या जातीची. बंगालात ती खातात, पण ती आंबुशी नव्हे. घोळ आणि आंबुशी दोन्हींत ऑक्झलेट भरपूर, तेव्हा मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी लांबच राहावं.

टाकळा. काठाच्या वर, पडीक जागेवर. पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकं गोलसर. कासविंदा त्याचा भाऊबंद, पण त्याच्या जोड्या जास्त आणि टोकं अणकुचीदार. पाऊस पडल्यावरच्या पहिल्या तीन आठवड्यांतलाच टाकळा घ्या, फूल आलं की कडू आणि उग्र होतो. वास नाहीच आवडला तर चण्याची डाळ घालून बघा. माझ्या घरी तरीही कुणी खात नाही, मी एकटीच खाते.

केना. निळं इवलंसं फूल, ओलसर जागी गवतात मिसळलेला. कोवळ्या पानांची भजी करा. नवख्यांसाठी सर्वांत निर्धोक भाजी मला हीच वाटते.

कुर्डू फुलाचा तुरा यायच्या आधीचाच घ्यायचा. तुरा आल्यावर सगळ्यांनाच ओळखता येतो, पण तेव्हा तो खाण्याजोगा राहत नाही. म्हणून मागच्या वर्षी तुरे कुठे दिसले होते ते लिहून ठेवा आणि यंदा जूनअखेरीस तिथे जा.

कवळा भिजलेल्या माळावर, काठाच्या गवतात मिळतो. लाजाळूसारखी बारीक पानं, हात लागला की मिटतात, फूल पिवळं. निवडायला वेळखाऊ आहे, टीव्हीसमोर बसून निवडायची भाजी. कांदा आणि ओलं खोबरं घालून करा.

चाकवत हिवाळ्यातला. पानामागे आणि कोंबावर पीठ शिंपडल्यासारखी पांढुरकी पूड असते. बाजारातला लागवडीचा चाकवत माहीत असेल तर गाळपेरावरचा ओळखू येतोच, पान जरा लहान एवढंच. ताकातला करा, शेंगदाणे आणि चण्याची डाळ घालून.

झाडांत जांभूळ आणि उंबर. उंबर फोडून बघितल्याशिवाय खाऊ नका, आत केंबरं असतात. आमच्या सासूबाई न बघता खायच्या आणि "तेवढंच मटण" म्हणायच्या.

६. यांना अजून हात लावू नका

रानअळू. ओढ्याच्या तोंडाशी हत्तीच्या कानाएवढी पानं डोलताना दिसतात आणि मोह होतो. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेत आणि घशात रुततात. 'खाई त्याला खवखवे' ही म्हण उगाच आली नाही. जाणत्या बाया चिंच किंवा आमसूल घालून, भरपूर उकळून त्याची खाज काढतात, पण मुळात कुठलं अळू घ्यायचं हेही त्यांना कळतं. मी एका वर्षी चिंच विसरले. रात्रभर सगळं घर ताक पीत बसलं होतं आणि कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.

कामोणी. पिकून काळी झालेली फळं पोरं खातात, पण हिरवी फळं विषारी, आणि एकाच घोसात दोन्ही असतात. लहान मुलं बरोबर असतील तर हे झाड दाखवूच नका.

पाणकणीस. कोवळा गाभा खाता येतो, जगात पुष्कळ ठिकाणी खातात. पण ते बहुतेक सांडपाण्यावरच माजलेलं भेटतं आणि गाभा काढायला चिखलात उतरावं लागतं. माझ्या मते त्या खटाटोपाची चव त्यात नाही.

कंद कुठलाही. अगदी कुठलाही.

७. खुडणं

एका जागेवरच्या तीन झाडांमागे एकाचा शेंडा. मूळ उपटायचं नाही. बाजारात बसणारी एखादी मावशी त्याच काठावर खुडत असेल तर तो काठ तिचा. तुम्ही दुसरीकडे जा किंवा तिच्याकडूनच विकत घ्या.

एका पिशवीत एकच भाजी, हे वर म्हटलंच आहे. कारण असं की खुडताना माणूस सावध असतो, निवडताना नसतो. घरी येईतो सगळं मऊ पडतं आणि चार प्रकारच्या पाल्याचा एकच हिरवा गोळा होतो. त्यात एखादा परका शेंडा आला असेल तर तो सापडणं कठीण. पिशवीत एकच भाजी असेल तर वेगळं पान लगेच डोळ्यात भरतं.

८. घरी आणल्यावर

परातीत पसरा, एकेक काडी हातातून जाऊ द्या. शंका आलेली काडी टाका, तिच्यावर घरात चर्चा घडवू नका. मग मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि तीन पाण्यांतून धुवा.

पाण्यात किंवा पाण्याला टेकून वाढलेलं काहीही कच्चं खायचं नाही. कोशिंबीर नको, चटणी नको. म्हशी पाण्यात बसतात, त्यांच्या यकृतातल्या पर्णकृमीची अंडी शेणावाटे पाण्यात जातात, पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात आणि बाहेर पडलेल्या अळ्या पानादेठांवर कवच करून चिकटतात. धुऊन त्या निघतीलच असं नाही, नीट शिजवल्यावर मरतात. कुरकुरीत नाळीचे प्रकार हॉटेलात छान लागतात, पण काठावरून आणलेली नाळी मऊ शिजवूनच खा. पाथरी कच्ची खायची असेल तर ती पाण्यापासून लांबच्या, कोरड्या बांधावरची हवी.

नवी भाजी पहिल्यांदा घरातल्या एकाच मोठ्या माणसाने, दोन घास, दुपारच्या जेवणात खायची. रात्री नको, कारण काही झालं तर सगळे झोपलेले असतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत पोट, तोंड, अंग ठीक असेल तर मग वाटीभर. लहान मुलं, गरोदर बाया आणि रोजच्या गोळ्या चालू असलेल्यांना पहिल्या वर्षी यातून वगळा. आणि एका जेवणात एकच नवी भाजी.

९. काही झालंच तर

प्रत्येक वेळी शिजवण्याआधी दोन कच्च्या काड्या, पान, देठ आणि असेल तर फुलासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. वर तारीख आणि जागा लिहिलेली चिठ्ठी. दोन दिवसांनी टाकून द्या. ओठ-जीभ सुजणं, उलट्या, चक्कर, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, असंबद्ध बडबड, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भरीस पडू नका. १०८ ला फोन लावा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि ते फडकं बरोबर न्या. डॉक्टरांना "कसलीशी रानभाजी खाल्ली" असं सांगण्यात आणि ती काडी टेबलावर ठेवण्यात फार फरक पडतो.

आमच्या फ्रिजच्या दारात जून ते सप्टेंबर असं एक फडकं कायम असतं. मुलगा त्याला 'पुरावा' म्हणतो. आजवर तो डॉक्टरांकडे न्यावा लागलेला नाही. सध्या त्यात कवळ्याच्या दोन काड्या आहेत, परवा वाघाडकडून आणलेल्या.